सुधारणेच्या मुद्द्यावर डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नीची निवडणूक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत काउंटीचा, म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाचा, मुख्य सरकारी वकील लोक मत देऊन निवडतात. गरिबाला जामिनाच्या रकमेसाठी डांबून ठेवू नये, किरकोळ गुन्ह्यांसाठी तुरुंग भरू नयेत, चुकीच्या शिक्षा पुन्हा तपासाव्यात अशा मुद्द्यांवर ही निवडणूक लढवण्याचं प्रमाण साधारण २०१६ पासून वाढलं. तिथं राहणाऱ्या, उभं राहायचा विचार करणाऱ्या किंवा एखाद्याच्या प्रचारात उतरलेल्या मराठी मंडळींकडून जे प्रश्न येतात त्यांची ही उत्तरं. नियम राज्यागणिक बदलतात. इथं जास्तीत जास्त उदाहरणं पेनसिल्व्हेनियाची, त्यातही फिलाडेल्फियाची घेतली आहेत, कारण निवडून येणं, धोरण राबवणं आणि त्यावरून राज्य सरकारशी जुंपणं हे सगळं तिथं एकाच माणसाच्या बाबतीत बघायला मिळतं.

डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा सरकारी वकीलच ना?

नाही. महाराष्ट्रात पोलीस तपास करून आरोपपत्र दाखल करतात आणि सरकारी वकील ते कोर्टात चालवतो. त्याची नेमणूक राज्य सरकार करतं, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २४ खाली, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८ खाली. खटला मागे घ्यायचा तर कोर्टाची संमती लागते.

अमेरिकेतला डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी, म्हणजे डीए, मात्र आरोप लावायचा की नाही, कुठला लावायचा आणि तडजोडीत काय देऊ करायचं हे स्वतः ठरवतो. दोषी ठरणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त लोक खटला न लढवताच गुन्हा कबूल करतात. म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत डीएच्या ऑफिसातल्या तिशीतल्या एखाद्या वकिलाने पुढे केलेला तडजोडीचा कागद हाच निकाल असतो. या पदासाठी एवढी चुरस का, ते यावरून कळावं.

पदाची नावं वेगवेगळी आहेत. इलिनॉय आणि मेरीलँडमध्ये स्टेट्स अ‍ॅटर्नी, व्हर्जिनियात कॉमनवेल्थ्स अ‍ॅटर्नी, अ‍ॅरिझोनात काउंटी अ‍ॅटर्नी, साउथ कॅरोलायनात सॉलिसिटर. काम तेच.

सगळ्याच राज्यांत निवडणूक होते का?

जवळजवळ. न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींना मात्र निराश करावं लागतंय: तिथं काउंटी प्रॉसिक्युटर गव्हर्नर नेमतो, राज्याच्या सिनेटच्या संमतीने, पाच वर्षांसाठी. कनेटिकट आणि अलास्कातही नेमणूकच. डेलावेअर आणि ऱ्होड आयलंडमध्ये राज्याचा अ‍ॅटर्नी जनरलच हे काम बघतो. मुदत बहुतेक ठिकाणी चार वर्षांची, टेनेसीत तब्बल आठ.

उभं राहायला काय लागतं? सरकारी वकिलीचा अनुभव हवाच का?

त्या राज्याच्या बारची सनद, नागरिकत्व आणि रहिवास. फिलाडेल्फिया सोडून पेनसिल्व्हेनियातल्या इतर काउंट्यांच्या कायद्यात वय किमान २५, शपथेआधी किमान एक वर्ष वकिली आणि काउंटीत एक वर्षाचा रहिवास अशा अटी आहेत. ग्रीन कार्ड चालत नाही. पुण्या-मुंबईची एलएलबी आणि भारतातली सनद एवढ्यावरही भागत नाही.

सरकारी बाजूने खटले चालवल्याचा अनुभव कायद्याने लागत नाही. २०१७ मध्ये फिलाडेल्फियात निवडून आलेले लॅरी क्रास्नर आयुष्यभर आरोपींच्या बाजूने लढले होते आणि पोलिसांवर त्यांनी ७५ च्या आसपास दावे लावले होते. पण अनुभव नसेल तर पहिल्याच सभेत ‘खुनाचा खटला किती वेळा चालवलात?’ असं विचारलं जाणार हे धरून चाला. ‘माझा ट्रायल विभागप्रमुख अमुक असेल, त्याने इतके खटले चालवलेत’ असं नावानिशी सांगता आलं तर तो मुद्दा तिथंच मिटतो.

सध्याच्या डीएला हरवणं शक्य असतं का?

कागदावर अवघड. एका गाजलेल्या अभ्यासात असं दिसलं होतं की पदावर असलेला डीए पुन्हा उभा राहिला तर सुमारे ९५ टक्के वेळा जिंकतो, आणि ८५ टक्के वेळा त्याच्यासमोर कुणी उभंच राहत नाही. आमच्या मते यातला महत्त्वाचा आकडा ८५ टक्क्यांचा आहे. न लढवल्या गेलेल्या जागा पहिल्या आकड्यातही मोजलेल्या आहेत. लढत झाली तर गणित इतकं एकतर्फी राहत नाही.

मोसम कधी सुरू होतो?

आधीच्या उन्हाळ्यात. पेनसिल्व्हेनियात डीएची निवडणूक विषम वर्षी येते. प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारं मतदान, मेच्या तिसऱ्या मंगळवारी, मुख्य मतदान नोव्हेंबरात. ज्या शहरात एकाच पक्षाचं वर्चस्व आहे तिथं निकाल मेमध्येच लागतो. २०१७ च्या प्रायमरीत सात डेमोक्रॅट उभे होते, नोंदलेल्या मतदारांपैकी पाचवा हिस्साही मतदानाला आला नाही, आणि क्रास्नर ३८ टक्क्यांवर जिंकले. अशा लढतीत शहरभर फलक लावण्यापेक्षा प्रायमरीला हमखास मत देणाऱ्यांची यादी काढून त्यांच्या दारात तीनदा जाणं कामी येतं.

मात्र प्रायमरी जिंकली की संपलं असं समजू नका. पिट्सबर्ग ज्या अ‍ॅलेगेनी काउंटीत आहे, तिथं २०२३ मध्ये सरकारी खर्चाने आरोपींची बाजू मांडणाऱ्या ऑफिसचे प्रमुख मॅट डुगन यांनी १९९८ पासून डीए असलेले स्टीफन झपाला यांना डेमोक्रॅटिक प्रायमरीत हरवलं. त्याच दिवशी रिपब्लिकन मतपत्रिकेवर लोकांनी झपालांचं नाव हाताने लिहिलं होतं. रिपब्लिकनांचा उमेदवारच नव्हता, म्हणून ती उमेदवारी त्यांना मिळाली, आणि नोव्हेंबरात ते निवडून आले. तेव्हा समोरच्या पक्षाची जागा रिकामी आहे का, हे फेब्रुवारीतच बघा.

अर्जासाठी सह्या किती आणि त्या बाद का होतात?

फिलाडेल्फियात शहरपातळीच्या पदासाठी १,००० सह्या. गोळा करायला तीन आठवडे: प्रायमरीआधीच्या तेराव्या मंगळवारपासून दहाव्यापर्यंत. म्हणजे ऐन थंडीत, हातमोजे काढून सही करायला लावायची.

किमान दुप्पट आणा, जमलं तर अडीचपट. मुदत संपल्यावर सात दिवसांत विरोधक आक्षेप घेऊ शकतो, आणि तो एकेक ओळ तपासतो. बाद होणाऱ्या सह्यांचे प्रकार ठरलेले आहेत. सही करणारा दुसऱ्या पक्षात नोंदलेला असतो. तो शहराबाहेर राहत असतो, फक्त कामाला येत असतो. घर बदललेलं असतं, नोंद जुन्या पत्त्यावर असते. बायकोने नवऱ्याची सही ठोकलेली असते, ‘ते आतच आहेत हो’ म्हणत. एकाच माणसाने डीएच्या दोन उमेदवारांना सही दिलेली असते, मग आधीची धरतात. आणि सगळ्यात महाग चूक पानाच्या तळाशी असते. सह्या गोळा करणाऱ्याने तिथलं निवेदन नीट भरलं नसेल तर अख्खं पान जातं, त्यावर तीस सह्या का असेनात. रोज रात्री त्या दिवसाची पानं मतदारयादीशी ताडून बघा. तिसऱ्या आठवड्यात एकदम बघायला बसलात तर दुरुस्तीला वेळ उरत नाही.

अर्जासोबत स्वतःच्या उत्पन्नाचं आणि आर्थिक हितसंबंधांचं विवरणपत्र लागतं, त्याची एक प्रत स्थानिक कार्यालयातही वेळेत द्यावी लागते. त्यातली एखादी चूक सुधारून मिळू शकते. ते वेळेत दिलंच नसेल तर उमेदवारी जाते, सह्या पाच हजार असल्या तरी.

मतमोजणीसाठी वकील लागतो का?

प्रचारप्रमुखाइतकाच. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये २०१९ च्या प्रायमरीच्या रात्री सुधारणावादी टिफनी कबान हजारभर मतांनी पुढे होत्या. टपाली मतं आणि शपथेवर दिलेली (यादीत नाव सापडलं नाही तर देतात ती) मतं मोजल्यावर, फेरमोजणीनंतर, मेलिंडा कॅट्झ सुमारे ६० मतांनी जिंकल्या. शपथेवरची कित्येक मतं लिफाफ्यावरच्या तांत्रिक त्रुटींमुळे बाद झाली होती. लिफाफ्यावर काय भरायचं हे मतदाराला मतदानाच्या दिवशी सांगणारा माणूस प्रत्येक मोठ्या केंद्राबाहेर ठेवा.

पैसा कुठून येतो, आणि बाहेरचा पैसा आला तर?

पेनसिल्व्हेनियात राज्यपातळीवर देणगीला मर्यादा नाही, कंपन्या आणि युनियनना मात्र आपल्या तिजोरीतून थेट देणगी देता येत नाही. फिलाडेल्फियाने स्वतःची मर्यादा घातली आहे आणि ती महागाईप्रमाणे वाढते. चालू आकडा शहराच्या एथिक्स बोर्डाकडून घ्यावा, जुन्या प्रचारपुस्तिकेतून नव्हे. प्रायमरीआधीच्या दुसऱ्या शुक्रवारी हिशेब द्यावा लागतो आणि वार्ताहर तो त्याच संध्याकाळी वाचतात.

२०१७ मध्ये जॉर्ज सोरोस यांच्या पैशावर चालणाऱ्या एका स्वतंत्र समितीने क्रास्नर यांच्यासाठी दहा लाख डॉलरहून जास्त खर्च केला. असा पैसा उमेदवाराला मागता येत नाही, आणि तो कसा खर्चावा हे त्या समितीशी मिळून ठरवताही येत नाही. विरोधक मात्र तो तुमच्याच नावावर मांडतात. त्यावर उपाय एकच आहे: लहान देणगीदारांची यादी लांब ठेवायची आणि ती सभेत दाखवायची.

मी एच-१बीवर आहे. देणगी देऊ का? निदान दारोदारी जाऊ का?

देणगी नाही, एक डॉलरसुद्धा नाही. परदेशी नागरिकांना संघराज्य, राज्य किंवा स्थानिक, कुठल्याच निवडणुकीत देणगी देता येत नाही. उमेदवारासाठी खर्च करणंही यातच येतं. घरी सभा ठेवलीत तर समोशांचं बिल नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकाने भरावं. ग्रीन कार्डधारक देणगी देऊ शकतात, मत देऊ शकत नाहीत. त्यांनी चुकून मतदार म्हणून नोंदणी केली तरी पुढे नागरिकत्वाच्या अर्जात तो प्रश्न येतो आणि परतीचं तिकीट काढायची वेळ येऊ शकते.

बिनपगारी स्वयंसेवक म्हणून फोन करायला, पत्रकं वाटायला व्हिसाधारकांना मनाई नाही. पैसा कुठं खर्च करायचा ते ठरवणाऱ्या बैठकीत मात्र बसू नका.

जाहीरनाम्यात काय लिहावं?

प्रत्येक आश्वासनापुढे एक प्रश्न लिहा: याला सही कुणाची लागते? डीएची, न्यायाधीशाची, विधिमंडळाची की पोलीस आयुक्तांची? फक्त डीएची सही लागते ते ‘करीन’ म्हणून लिहा. बाकीचं ‘मागणी करीन’, ‘विरोध करणार नाही’ अशा शब्दांत. हे पद गमावलेल्या सुधारणावाद्यांच्या बऱ्याच अडचणींचं मूळ या चार रकान्यांच्या गल्लतीत आहे.

डीएच्या सहीने होणारं: कुठला आरोप लावायचा नाही, चोरीचा मोठा गुन्हा किती रकमेपासून धरायचा, तडजोडीत किमान काय मागायचं, कोणत्या पोलिसाची साक्ष घ्यायची नाही, चुकीच्या शिक्षा तपासणारा विभाग किती मोठा असावा. शिकागोच्या कूक काउंटीत किम फॉक्स यांनी २०१६ च्या डिसेंबरात दुकानातल्या चोरीसाठी मोठ्या गुन्ह्याची सीमा ३०० डॉलरवरून १,००० वर नेली. त्यासाठी कुठलाच कायदा बदलावा लागला नाही. २०२४ च्या डिसेंबरात नव्या स्टेट्स अ‍ॅटर्नी आल्या आणि पहिल्याच दिवशी ती परत ३०० झाली. एका सहीने आलेलं एका सहीने जातं, हेही मतदाराला आधी सांगितलेलं बरं.

न्यायाधीशाची सही लागणारं: जामीन, शिक्षा, फाशीची शिक्षा रद्द करणं. शेवटचं बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. डीएने चूक मान्य केली म्हणून फाशीची शिक्षा आपोआप रद्द होत नाही, कोर्टाने स्वतः तपासून ठरवायचं असतं, असं पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं.

विधिमंडळाची सही लागणारं: शिक्षेच्या किमान मुदती, वाढीव शिक्षेची कलमं. लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज गॅस्कोन यांनी २०२० च्या डिसेंबरात पहिल्याच दिवशी वाढीव शिक्षा मागू नका असा हुकूम काढला. त्यांच्याच हाताखालच्या वकिलांची संघटना कोर्टात गेली, आणि फेब्रुवारीत कोर्टाने सांगितलं की ‘थ्री स्ट्राइक्स’ (पुन्हा पुन्हा गुन्हा करणाऱ्याला जास्त शिक्षा देणाऱ्या) कायद्यातली आधीची शिक्षा आरोपपत्रात नमूद करू नका असं डीए सांगू शकत नाही. काढलेला हुकूम मागे घ्यावा लागणं प्रचारात फार महागात पडतं.

‘पैशाचा जामीन बंद करीन’ असं म्हणू का?

म्हणू नका. जामीन न्यायाधीश किंवा मॅजिस्ट्रेट ठरवतो. इलिनॉयने सप्टेंबर २०२३ मध्ये तो बंद केला, पण राज्याच्या कायद्याने. डीए एवढंच करू शकतो की अमुक गुन्ह्यांत रकमेची मागणी करायची नाही, जातमुचलक्यावर सोडायला हरकत घ्यायची नाही असं आपल्या वकिलांना बजावायचं. फिलाडेल्फियात २०१८ च्या फेब्रुवारीत २५ किरकोळ गुन्ह्यांसाठी असं झालं. पुढच्या अभ्यासात पैशाविना सुटणाऱ्यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं, आणि तारखेला गैरहजर राहणाऱ्यांत लक्षात येण्याजोगा फरक दिसला नाही.

सभेत हा मुद्दा आकड्याने मांडा. जिथं जामीनदार कंपन्या चालतात तिथं ५,००० डॉलरच्या जामिनाला साधारण १० टक्के, म्हणजे ५०० डॉलर कंपनीला द्यावे लागतात, आणि निर्दोष सुटलात तरी ते परत मिळत नाहीत. ५०० नसतील तर माणूस आत. आपल्याकडे कच्चा कैदी म्हणतात तोच हा.

खटल्याऐवजीच्या पर्यायी कार्यक्रमाची योजना लिहिताना कुठं चुकतं?

कबुलीच्या जागी. पुष्कळ योजनांत आधी गुन्हा कबूल करायचा, वर्षभर वर्ग-समुपदेशन-भरपाई पुरी करायची, मग प्रकरण रद्द, असा क्रम असतो. नागरिकाला तो चालतो. पण इमिग्रेशन कायद्यात कबुली आणि सोबत कुठलंही बंधन असलं की ती शिक्षाच धरतात, पुढे कोर्टाने प्रकरण पुसून टाकलं तरी. म्हणून योजना कबुलीविनाची हवी. पेनसिल्व्हेनियातल्या एआरडी नावाच्या अशाच पर्यायी कार्यक्रमात कबुली लागत नाही, आणि त्यात कुणाला घ्यायचं याची शिफारस फक्त डीए करू शकतो. म्हणजे इथं सही पूर्णपणे तुमची.

शिक्षेच्या दिवसांचंही असंच. चोरीला ३६५ दिवसांची शिक्षा लागली, ती स्थगित असली तरी, इमिग्रेशन कायद्यात तो ‘गंभीर गुन्हा’ होतो. ३६४ लागली तर होत नाही. तडजोडीचा कागद पुढे सरकवणाऱ्या वकिलाला हा एका दिवसाचा फरक माहीत नसेल तर वीस वर्षं राहिलेला माणूस एका टीव्हीपायी देशाबाहेर जाऊ शकतो. ऑफिसात इमिग्रेशनचा एक जाणकार नेमण्याचं आश्वासन स्वस्त आहे आणि पाळता येण्यासारखंही.

‘तुम्ही गुन्हेगारांना सोडणार’ याला उत्तर काय?

तत्त्वज्ञान सांगू नका. ऑफिसची मर्यादित माणसं कुठं लावणार ते सांगा: किरकोळ प्रकरणांत अडकलेले इतके वकील काढून गोळीबाराच्या खटल्यांवर लावीन. बॉस्टनच्या सफक काउंटीत २००४ ते २०१८ च्या नोंदींवर झालेला अभ्यास हाताशी ठेवा: सीमारेषेवरच्या अहिंसक किरकोळ प्रकरणांत आरोप न लावलेल्यांविरुद्ध पुढच्या दोन वर्षांत नवी तक्रार येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त घटली. ‘सीमारेषेवरच्या’ हा शब्द गाळू नका. विरोधक तो शोधतातच.

आणि पीडितांच्या घरच्यांना भेटा, कॅमेऱ्याशिवाय. तारीख पुढे गेल्याचं त्यांना कोर्टात पोचल्यावर कळणं ही सगळीकडची तक्रार आहे, आणि ती दूर करायला कुणाचीच परवानगी लागत नाही.

निवडून आल्यावर पहिल्या आठवड्यात काय?

क्रास्नर यांनी पहिल्याच आठवड्यात ३१ जणांना घरी पाठवलं. फिलाडेल्फियात ते करता आलं, कारण तिथले सहायक डीए डीएच्या मर्जीपर्यंतच पदावर असतात. लॉस एंजेलिसमध्ये नागरी सेवेचे नियम आड येतात, नुसत्या बदल्यांवरूनही दावे होतात. काढायचंच असेल तर आधी प्रत्येकाच्या टेबलावरची चालू प्रकरणं, पुढच्या ६० दिवसांतल्या तारखा आणि साक्षीदारांचे फोन नंबर लिहून घ्या. साक्षीदाराला नव्या वकिलाचा फोन गेलाच नाही तर तो तारखेला येत नाही, आणि प्रकरण पडलं की खापर तुमच्या धोरणावर फुटतं.

परिपत्रक छोटं आणि अपवादांसकट लिहा. मॅनहॅटनमध्ये अल्विन ब्रॅग यांच्या जानेवारी २०२२ च्या पहिल्या परिपत्रकात दुकानातल्या जबरी चोरीबद्दलचं एक वाक्य असं होतं की शस्त्र दाखवून लुटलं तरी किरकोळ गुन्हा लागेल असा अर्थ निघत होता. महिन्याभरात ते बदलावं लागलं. परिपत्रक सही करण्याआधी पोलीस, दुकानदार आणि बचावपक्ष अशा तिघांना वाचायला द्या, आणि त्यात बसेल असं सगळ्यात वाईट प्रकरण कुठलं ते विचारा.

मुदत संपायच्या आत काढू शकतात का?

राज्यावर अवलंबून. सॅन फ्रान्सिस्कोत ५१ हजारांच्या आसपास सह्यांची गरज होती. त्या जमल्या आणि जून २०२२ मध्ये चेसा बुडीन यांना मतदारांनी परत बोलावलं. ओकलंडच्या अलामेडा काउंटीत २०२४ मध्ये पामेला प्राइस यांचंही तेच झालं. पेनसिल्व्हेनियात मतदारांना असं परत बोलावता येत नाही.

तिथं धोका विधिमंडळाकडून असतो. क्रास्नर यांच्यावर २०२२ च्या नोव्हेंबरात प्रतिनिधिगृहाने महाभियोग मंजूर केला. प्रकरण लांबलं आणि २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने महाभियोगाची कलमंच रद्दबातल ठरवली, कारण ती मंजूर करणाऱ्या सभागृहाची मुदत संपली होती. २०२५ मध्ये क्रास्नर तिसऱ्यांदा निवडून आले. फ्लोरिडात गव्हर्नर थेट निलंबित करतो: २०२२ मध्ये टॅम्पाचे अँड्र्यू वॉरन, २०२३ मध्ये ऑरलँडोच्या मोनिक वॉरेल. वॉरेल २०२४ मध्ये पुन्हा निवडून आल्या, वॉरन हरले. टेक्सास आणि जॉर्जियाने २०२३ मध्ये अशा डीएंविरुद्ध कायदेच केले.

वॉरन यांनी गर्भपाताचे खटले चालवणार नाही अशा सामूहिक निवेदनावर सही केली होती आणि तीच त्यांच्याविरुद्ध वापरली गेली. अशा राज्यात ‘अमुक कलम मी लावणारच नाही’ असं लिहून देऊ नका. ‘प्रत्येक प्रकरण वेगळं तपासू, प्राधान्य याला’ असं लिहा, आणि नाकारलेल्या प्रत्येक फायलीवर दोन ओळींचं कारण, तारीख आणि वकिलाची सही ठेवा.